परदेशी स्वयंसेवेसाठी निघताना: प्रशिक्षणाचे पहिले आठवडे कसे वापरावेत

निवडीचे पत्र हाती आले की पुण्यातून निघणाऱ्या नव्या स्वयंसेवकाचे सारे लक्ष व्हिसा आणि सामानाकडे लागते. परंतु पुढच्या वर्षभराच्या कामाची घडी त्या देशातल्या प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच बसते किंवा विस्कटते, असे केनियाच्या किनारपट्टीवर ते दिवस काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

कागदपत्रे लवकर उरकावीत. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून मुंढव्याच्या केंद्रातली वेळ घ्यावी. बॉन येथे मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याला मुळीच थारा देऊ नये. या कार्यक्रमातून जाणाऱ्यांनी ‘बीसेफ’ हे सुरक्षाविषयक ऑनलाइन प्रशिक्षण घरीच, घाई न करता पूर्ण करावे.

लसीकरणाकडे मात्र अधिक काळजीपूर्वक पाहावे. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर वैध मानले जाते. केनिया किंवा युगांडातून या प्रमाणपत्राशिवाय भारतात परतणाऱ्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, म्हणजे ही लस जाण्याइतकीच परत येण्यासाठीही लागते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निवडाव्यात. डॉक्सीसायक्लिन दिली असेल, तर ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून हिवतापाचा प्रदेश सोडल्यानंतरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि घरी पोहोचल्याच्या आनंदात नेमका हाच शेवटचा भाग राहून जातो.

खरी तयारी भाषेची. सेनेगल किंवा टोगोसारख्या देशात जायचे असेल, तर पुण्यात आलियाँस फ्राँसेजमध्ये किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात फ्रेंचचा पाया घालून घ्यावा. केनियात बोलली जाणारी स्वाहिली शिकताना मराठी माणसाला पेसा, गारी, चाय, चपाती असे ओळखीचे शब्द भेटतात आणि धीर येतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. स्वाहिली बोलणारे लोक तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा तातु’ म्हणजे शब्दशः तिसरा तास, आपल्या घड्याळात सकाळचे नऊ. मला हे ठाऊक नसल्यामुळे गावातल्या महिलांच्या एका बैठकीला मी दुपारी तीनला पोहोचलो, तेव्हा अंगण झाडून झाले होते आणि सगळ्या जणी शेतावर गेल्या होत्या. त्या दिवसापासून प्रत्येक वेळ ‘सकाळची की संध्याकाळची, माझ्या घड्याळात किती’ असे विचारूनच वहीत लिहावी, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि तो प्रत्येक नव्या स्वयंसेवकाने घालून घ्यावा.

प्रशिक्षणाच्या काळात स्थानिक कुटुंबाकडे राहण्याची सोय मिळत असेल, तर वसतिगृहातली स्वतंत्र खोली सोडून ती स्वीकारावी, कारण वर्गात शिकलेले वाक्य संध्याकाळी चुलीपाशी बोलून पाहता येते आणि चुकले तर घरातले मूल लगेच दुरुस्त करते. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून अभिवादन करावे. ‘मराहाबा’ हे उत्तर येईपर्यंत पुढे बोलू नये. वस्तू देता-घेताना उजवाच हात पुढे करावा, जे आपल्याकडच्या वळणाच्या माणसाला अवघड नाही. शाकाहारी असल्यास पहिल्याच दिवशी ‘सिली न्यामा’, म्हणजे मी मांस खात नाही, असे नम्रपणे सांगावे आणि कोंबडी व मासे, म्हणजे ‘कुकू’ आणि ‘समाकी’, यांची नावेही जोडावीत, कारण पुष्कळ घरांत ‘न्यामा’ या शब्दात ती धरली जात नाहीत. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा आणि मक्याच्या पिठाचा उगाली या जेवणावर मी महिनोन्महिने उत्तम राहिलो. यजमानीणबाईंना स्वयंपाकात हात लावू देण्याची विनंती करावी. भाजी चिरताना त्या गावाविषयी जे सांगतात, ते प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत नसते.

वर्गात उपाय सुचवण्याची घाई आवरावी. आपल्याकडे बचतगटाचे काम पाहिलेले असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य ओठांवर येते. त्याऐवजी येथे उसनवारी कशी चालते, आजारपणात पैसा कोण देतो, बैठकीत कोण बोलत नाही, हे विचारावे. मुलांसोबत काम करायचे असल्यास बालसंरक्षणाचे नियम लेखी मागून घ्यावेत, आणि पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नयेत वा घरच्यांना पाठवू नयेत.

शेवटच्या आठवड्यात नेमणुकीच्या ठिकाणी एक दिवस जाऊन यावे, आधीच्या स्वयंसेवकाचे कोणते काम अर्धवट राहिले आहे ते त्याच्यासोबत काम केलेल्या स्थानिक सहकाऱ्याकडून ऐकावे, आणि त्यातले काय पुढे चालवावे हे त्या सहकाऱ्यालाच ठरवू द्यावे.