खडबडीत रस्त्यासाठी स्केट्स घेताय? या चुका टाळा

दुकानातल्या फरशीवर सगळेच स्केट्स छान पळतात. भाचीसाठी घेतलेले क्वाड, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांचे स्केट्स, आम्हाला असेच आवडले. संध्याकाळी ती सोसायटीच्या फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर उतरली आणि दोन मिनिटांत परत आली. "मावशी, तळपायाला मुंग्या येतायत गं." चाक उलटं करून पाहिलं, तर कडेला ९५ए छापलेलं. ती हॉलमध्ये खेळायची चाकं होती.

हा आकडा म्हणजे चाकाच्या पॉलियुरेथेनचा कडकपणा. साधारण ८८ए आणि त्यापुढची चाकं लाकडी किंवा गुळगुळीत फरशीसाठी, तर ७८ए ते ८५ए बाहेरच्या रस्त्यासाठी. कडक चाक दबत नाही, त्यामुळे खडीचा प्रत्येक दाणा थेट हाडापर्यंत जाणवतो. आकडा पुसला गेला असेल तर अंगठ्याचं नख दाबून बघा. मऊ चाकावर नख थोडं रुततं, कडक चाकावर घसरतं. मात्र वजनदार माणसाने अगदी ७८ए घेऊ नये. चाक रस्त्याला चिकटल्यासारखं वाटतं आणि लवकर दम लागतो. ८४-८५ए बरं. भाचीच्या स्केट्सची आम्ही फक्त आठ चाकं बदलली. बूट आणि बेअरिंग तीच ठेवली, तरी मुंग्या थांबल्या.

दुसरी चूक आकाराची. लहान चाक ज्या खड्याला अडतं, त्याच्यावरून मोठं चाक सहज चढून जातं. क्वाडला बाहेर ६२ ते ६५ मिमी चालतं. इनलाइनला, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सना, किमान ८० मिमी हवं, रस्ता वाईट असेल तर ९० किंवा १००. पण ८० मिमीच्या फ्रेममध्ये ९० मिमीचं चाक बसत नाही, हे चाकं मागवण्याआधी तपासा. थेट १२५ मिमीवर उडी मारू नका. पाय जमिनीपासून उंच जातो आणि नवशिक्याचा घोटा डगमगतो.

आणि मुरूम? सुटी खडी? तिथे यातलं कोणतंच चाक चालत नाही, हे मी कळकळीने सांगते. चाक खडीत रुतून जागीच थांबतं आणि अंग पुढे जातं. अशा वाटेसाठी हवेच्या टायरचे, १५० मिमीच्या आसपास चाकांचे वेगळे स्केट्स असतात. ते जड आणि महाग असतात, पंक्चरही होतात. रोजची वाट तशीच असेल तरच घ्या. थोडाच तुकडा मुरमाचा असेल तर तेवढं अंतर स्केट्स काढून चालत जा.

'एबेक ९' छापलंय म्हणून जास्त पैसे मोजणं ही चूक तर फार जण करतात. हा आकडा बेअरिंगच्या मापातली अचूकता सांगतो. धूळ, पाणी, हादरे यांबद्दल तो काहीच सांगत नाही. बाहेरच्या रस्त्यासाठी रबरी सील असलेलं साधं बेअरिंग घ्या. पावसात भिजलं तर चाकातून काढा, पुसा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. जास्त तेल घातलं की धूळ चिकटून करकर सुरू होते. गंज काढायचा स्प्रे मारून तसंच वापरू नका, त्याने आतलं ग्रीस निघून जातं.

मुलांसाठी "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक नंबर मोठा बूट घेऊ नका. गुडघे वाकवून उभं राहिल्यावर टाच उचलली जात असेल, तर खड्ड्यात घोटा वळणारच. लांबी वाढवता येणारे स्केट्स बागेत ठीक आहेत. खडबडीत रस्त्यावर त्यांचा सरकता सांधा हळूहळू ढिला पडतो.

इनलाइनचा टाचेचा ब्रेक काढून ठेवायची फॅशन आहे. उताराच्या रस्त्यावर तो राहू द्या. खडबडीत डांबरावर त्याचं रबर भराभर झिजतं, तेव्हा एक जास्तीचं रबर घेऊन ठेवा.

हेल्मेट आणि नी-पॅड बहुतेक जण घेतात, मनगटाचे गार्ड मात्र राहून जातात. पडताना हात आपोआप पुढे येतो, म्हणून मी तेच आधी घ्यायला सांगते. भाचीच्या उजव्या गार्डच्या प्लास्टिक पट्टीवर खडीने ओढलेल्या चार खोल रेघा आहेत. तळहाताला साधं खरचटलेलंही नाही.