रिमोट डेस्कटॉपचा स्क्रीन अडखळतोय? आधी दुखणं ओळखा

सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी पलीकडच्या, म्हणजे तुम्ही दुरून वापरताय त्या कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडा आणि एक लांबलचक ओळ भराभर टाइप करा. अक्षरं एका लयीत, पण उशिरा उमटत असतील तर वाटेतला विलंब जास्त आहे. टाइपिंग ठीक, पण फोटोंनी भरलेलं पान सरकवताना ते चौकोनाचौकोनाने भरत येत असेल तर बँडविड्थ, म्हणजे एका वेळी डेटा वाहून नेण्याची क्षमता, कमी पडतेय. आणि मध्येच सगळं थिजून मग दहा-बारा अक्षरं एकदम येऊन आदळत असतील, तर वाटेत पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळताहेत. पलीकडचा टास्क मॅनेजरही बघून घ्या. तिथला प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर असेल तर नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही.

विलंबावर सेटिंग्जचा फारसा इलाज नाही. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद असेल तर प्रत्येक क्लिकचं उत्तर तेवढ्या उशिरानेच येणार. वाय-फाय सोडून केबल लावा, व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खाजगी वाट) वापरत असाल तर त्याचा जवळचा सर्व्हर निवडा. बस.

बँडविड्थचं मात्र बरंच काही करता येतं. १९२० बाय १०८०चं एक चित्र ३२ बिट रंगांत कच्चं पाठवलं तर ८ एमबीच्या वर जातं. म्हणून आरडीपी, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमागचा प्रोटोकॉल, फक्त बदललेला भाग, तोही दाबून पाठवतो. म्हणजे स्क्रीनवर जितकं कमी हलेल तितकं बरं. जोडण्याआधी रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’मधून ‘एक्स्पीरियन्स’ टॅबवर जा आणि डेस्कटॉप बॅकग्राउंड, मेन्यूचं अ‍ॅनिमेशन, खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणं, या तिन्ही खुणा काढा. फॉन्ट स्मूदिंग मी ठेवतो. दिवसभर दातेरी अक्षरं वाचवत नाहीत. ‘पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग’ची खूण तर मुळीच काढू नका, आधी आलेली चित्रं त्यामुळेच पुन्हा मागवावी लागत नाहीत. मग ‘डिस्प्ले’ टॅबवर रिझोल्यूशन उतरवा: ३८४० बाय २१६०च्या मॉनिटरवर ठिपके चौपट असतात.

थिजण्याचा प्रकार सर्वांत चकवणारा. २०१२ साली आलेल्या आरडीपी ८पासून टीसीपीच्या (प्रत्येक पॅकेटची पोच घेणारी पद्धत) जोडीला यूडीपीही (पोचेसाठी न थांबणारी पद्धत) वापरलं जातं. एरवी त्याने वेग वाढतो, पण काही व्हीपीएनमधून ते नीट जात नाही. जोडलेलं असताना वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते कळतं. असेल, तर आपल्या बाजूच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या खोलवरच्या सेटिंग्जची जागा) ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट’खाली ‘टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट’ एनेबल करा आणि पुन्हा जोडा. फरक पडला नाही तर पूर्ववत करा. वेग वाढेल या आशेने ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं प्रवेशद्वार) थेट इंटरनेटवर उघडण्याचा मोह मात्र टाळा.

एवढं करूनही स्क्रीन काळा पडत असेल किंवा खिडक्या अर्धवट रंगत असतील, तर पलीकडच्या विंडोज १०च्या ग्रुप पॉलिसीत ‘रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट’खाली डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र रंगवणारं सॉफ्टवेअर) वापरण्याची पॉलिसी डिसेबल करून मशीन रीस्टार्ट करा. विंडोज १०च्या १९०३ क्रमांकाच्या आवृत्तीनंतर हा उपाय अनेकांना लागू पडला. रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा नोटपॅड उघडून तीच ओळ टाइप करून बघा.