शुगर फ्रीची डबी घरात आली? मग या चुका टाळा

घरात कुणाला मधुमेह निघाला की औषधांच्या पाठोपाठ जी खरेदी होते ती शुगर फ्रीच्या डबीची. नाशिकमध्ये आता मेडिकलपासून कॉलेज रोडच्या कॅफेपर्यंत सगळीकडे बिनसाखरेचं काही ना काही मिळतं, आणि दिवाळीत मिठाईच्या काउंटरवर त्याचे वेगळे ट्रे लागतात. ही खरेदी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर ४५ ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आली तर चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा माणसाने साखरेऐवजी गोळी घातली तर त्याला खरा फायदा होतो. घोळ होतो तो गोळी आणल्यानंतर, आपण जे गृहीत धरतो त्यामुळे.

साखर उतरल्यावरही शुगर फ्रीच देणं

जिवावर बेतू शकणारी चूक आधी सांगते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असलेल्या माणसाची रक्तातली साखर कधीकधी ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली जाते. जेवण लांबलं, चतुर्थीचा उपास धरला, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त झाल्या, एवढं कारण पुरतं. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी घाईघाईने सवयीप्रमाणे शुगर फ्री घातलेलं लिंबू सरबत आणतं किंवा फ्रीजमधली झीरो शुगरची बाटली पुढे करतं. ते गोड लागतं, पण त्यातून रक्ताला काहीच मिळत नाही, आणि मोलाची मिनिटं वाया जातात.

माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम खरी साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा. आकडा अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा.

यात एक बारकावा आहे आणि तो फार थोड्या घरांत माहीत असतो. औषधात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचं पचन लांबतं, त्यामुळे साखरपाणी वेळेत काम करत नाही. तिथे ग्लुकोज पावडरच लागते. आपल्याकडे व्होग्लिबोज बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून नुसतं कंपनीचं नाव पाहून कळत नाही. आज औषधाची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, आणि ग्लुकोजचा पुडा औषधांच्या डब्यातच ठेवा.

बिनसाखरेची म्हणून पाव किलो मिठाई

"घ्या ना काका, साखर अजिबात नाही, अंजीर-खजुराची आहे." दुकानदार खोटं बोलत नसतो. पण खजुरात वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश साखरच असते आणि सुक्या अंजिरात साधारण निम्मी. चिमटीने घातली नाही एवढंच, रक्तात ती जायची तशी जातेच. काजू कतलीतली साखर काढली तरी काजू उरतात, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असलेले. खव्याच्या पेढ्याचंही तसंच.

बिनसाखरेची चॉकलेटं, बिस्किटं आणि काही मिठायांत माल्टिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं. ते साखरेसारखंच दिसतं, बांधणीही साखरेसारखी देतं, म्हणून कारागिरांना सोयीचं पडतं. त्यात ग्रॅमला सुमारे दोन कॅलरी, म्हणजे साखरेच्या निम्म्या, आणि रक्तातली साखर त्याने वाढतेच, फक्त कमी वेगाने. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. भाऊबीजेनंतर घरातल्या मोठ्यांचं पोट बिघडलं की दोष चकलीच्या तेलाला दिला जातो; पाकिटावर माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल लिहिलंय का ते एकदा पाहा.

दुकानात "शुगर फ्री आहे का?" एवढंच विचारू नका. "साखरेऐवजी काय घातलंय?" हे विचारा. उत्तर सुक्रालोज (साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोडवा), माल्टिटॉल की खजूर, यावर तुम्ही किती खायचं ते ठरतं. आणि उत्तर काहीही आलं तरी तुकडा एकच.

चहात गोळी घातली, तरी आकडा हलत नाही

ही तक्रार मी सतत ऐकते. कारणं साधी असतात.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत मशीनचा चहा असतो. त्याच्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असू शकते, मग वरून गोळी टाकून फक्त जास्त गोड होतं. टपरीवर साखर उकळतानाच पातेल्यात पडते. तिथे "फिका द्या" असं आधी सांगावं लागतं आणि तो वेगळा करून घ्यावा लागतो. गुळाचा चहा तर अनेकजण औषधासारखा पितात. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतील, पण तो मुख्यतः साखरच आहे. मधाचंही तेच. मधुमेहाच्या बाबतीत दोघांना सवलत नाही.

गोळीऐवजी पुड्या वापरत असाल तर घटक वाचा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं, त्यामुळे पुडीत ते कणभरच लागतं. बाकीची पुडी भरायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, आणि ते दोन्ही रक्तात ग्लुकोज म्हणूनच उतरतात. एका पुडीने काही होत नाही, पण साखरेच्या मापाने चमचे भरभरून घालायची पावडर खिरीत वाटीभर ओतली तर ती मोजावी लागते.

आणि चहाबरोबरचं? दोन खारी, चार बिस्किटं, रविवारी मिसळीबरोबर तीन-चार पाव. मैद्याचं ग्लुकोज चहातल्या गोळीने रद्द होत नाही.

प्रत्येक गोड पदार्थात एकच गोळी चालते असं समजणं

इथे स्वयंपाक बिघडतो आणि खापर गोडव्यावर फुटतं. अॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा उष्णता सोसत नाही. बासुंदी आटवताना घातलं तर गोडी निघून जाते, मग माणूस अजून घालत राहतो. ते घालायचं असेल तर गॅस बंद करून, बासुंदी कोमट झाल्यावर. खीर, शिरा, दुधी हलवा यांना सुक्रालोज किंवा स्टीव्हिया चालतं. स्टीव्हिया जास्त झालं की मागून कडवट चव येते. वेलची-केशराने ती थोडी झाकली जाते, पण खरा उपाय म्हणजे कमी घालणं. तळण्यात आणि कडक भाजण्यात मात्र सुक्रालोजही नको. १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यावर त्यातून घातक क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला होता. शंकरपाळे म्हणूनच त्यात करू नयेत.

यातल्या कशाचाही पाक होत नाही. एकतारी, दोनतारी हे साखरेचंच काम. लाडू वळले जात नाहीत, पुरण सैल राहतं, कारण गोडीशिवाय साखर आणि गूळ पदार्थ बांधतातही. साखरांबा आणि मुरंबा टिकतो तो साखरेमुळे. बिनसाखरेचा केलात तर थोडाच करा आणि फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा, बरणीत त्याला बुरशी येईल. सणाला खरी पुरणपोळी करा, ज्यांना पथ्य आहे त्यांना अर्धी वाढा, आणि त्या ताटातला भात काढा. माझं मत विचाराल तर पदार्थाचं रूप बिघडवून तीन पोळ्या खाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

व्हॉट्सअॅप वाचून डबी फेकणं, किंवा वाचलंच नाही म्हणून बेफिकीर राहणं

जुलै २०२३ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या २ब गटात टाकलं. पुरावा मर्यादित असला की या गटात नोंद होते. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्यातच आहे. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम होते. डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं, चहाच्या गोळीत त्याहून बरंच कमी. चहातल्या दोन-तीन गोळ्यांनी घाबरून पुन्हा साखरेकडे वळणं मधुमेहींना परवडणारं नाही. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अॅस्पार्टेम पूर्ण टाळायचं, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही.

वजन उतरेल म्हणून झीरो शुगर पिणं

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे गोडवे वापरू नयेत अशी सशर्त शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हे बातम्यांत बऱ्याचदा राहून जातं. साखरेऐवजी घेतल्यावर सुरुवातीला थोडं वजन कमी होतं, पण लांबच्या काळात फायदा टिकल्याचं दिसत नाही. पिझ्झाबरोबर डाएट कोल्ड्रिंक घेतलं की आपण कॅलरी वाचवल्या असं वाटतं आणि वरून ब्राउनी मागवली जाते. त्या पेयातलं आम्ल दातांची झीज करतं ते वेगळंच.

मला जास्त वाईट वाटतं ते द्राक्षांच्या हंगामात. दिंडोरी-निफाडची ताजी द्राक्षं दारात येतात, आणि "साखर असते" म्हणून घरातले मोठे त्यांना हात लावत नाहीत, पण झीरो शुगरची बाटली मनसोक्त पितात. दहा-बारा द्राक्षांत आठ-दहा ग्रॅम साखर असते, सोबत पाणी, साल आणि चावायचं काम. साखर आटोक्यात असलेल्या बहुतेकांना एवढी द्राक्षं जेवणासोबत नव्हे, तर मधल्या वेळेत चालतात. खाल्ल्यावर दोन तासांनी मीटरवर पाहून घ्या. रस मात्र नको.

मुलांनाही तेच देणं

गोडवा घातलेल्या पाकिटांवर ते मुलांसाठी नसल्याचं छापलेलं असतं. मुलांच्या जिभेला सगळंच अतिगोड लागायची सवय या वयात लावू नका. दूध साधं द्या, ताक द्या, फळ द्या.

मोठ्यांनीही चहातल्या शुगर फ्रीच्या गोळ्या हळूहळू कमी कराव्यात. दोनच्या जागी एक, मग अर्धी. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि जुन्या मापाचा चहा नकोसा होतो. बदल सुरू करताना एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. आकडा जागचा हलला नसेल, तर गोडव्याचा ब्रँड बदलण्यात वेळ घालवू नका. आठवडाभर ताटात काय-काय पडलं ते वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.