सिगरेट सोडताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

सिगरेटची तलफ भागवायला मिळतं ते निकोटीनचं गम पहिल्यांदा आणलं तेव्हा मी ते साध्या चिंगमसारखं कचाकचा चावलं. दोन मिनिटांत घशात मिरची गेल्यासारखं झालं, उचक्या सुरू, पोटात ढवळायला लागलं. थुंकून टाकलं आणि सरळ खाली टपरीवर. "मामा, एक द्या." वर पुढचा महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो की गमबिम काही कामाचं नाही, सगळा पैसे उकळायचा धंदा आहे. आतला कागद मी उघडून बघितलाच नव्हता.

चौदा वर्षं ओढली, दिवसाला दहा-बारा, ऑफिसात टेन्शन असलं की त्याहून जास्त. तीनदा सोडली, तीनदा परत धरली, चौथ्यांदा सुटली त्याला आता चार वर्षं होतील. दरवेळी घरचे म्हणायचे तुझ्या मनातच नाही, आणि मलाही तेच खरं वाटायचं. पण आता आठवून बघतो तर प्रत्येक वेळी कुठेतरी अगदी फालतू चूक झाली होती, जी कोणी आधी सांगितली असती तर दोन-तीन वर्षं वाचली असती.

गम चिंगमसारखं चावणं

यावर जरा जास्त लिहितो कारण नव्वद टक्के लोक (माझा अंदाज, मोजले नाहीत) इथेच गचकतात. गम हळूहळू चावायचं, मिरीसारखी झणझणीत चव आली किंवा तोंडात मुंग्या आल्यासारखं झालं की थांबायचं आणि ते गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं. चव गेली की परत थोडं चावायचं, परत दुसऱ्या बाजूला ठेवायचं, असं साधारण अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जायला पाहिजे, भराभरा चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं आणि मग उचक्या, जळजळ, मळमळ.

आणि चहा! चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत या सगळ्याने तोंडातली आम्लता वाढते आणि मग निकोटीन नीट शोषलंच जात नाही. म्हणजे कटिंग मारता मारता गम चावत बसलात तर ते गम वाया. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी.

डोसचं पण बघा. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर तुमची सवय जड आहे, तुम्हाला २ चं बहुतेक पुरणार नाही, डॉक्टरांना विचारून ४ चं घ्या. पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) लावून वर तलफ आली की गम, अशी जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते, पण तेही विचारूनच. लोक काय करतात, दोन आठवडे बरं वाटलं की "झालं आता" म्हणून गम बंद. असं करू नका, साधारण १२ आठवडे घेऊन हळूहळू कमी करायचं असतं. "मग गमचंच व्यसन लागेल ना" हे मीपण म्हणायचो, चौदा वर्षं धूर ओढणारा माणूस हे म्हणायचा म्हणजे बघा. सिगरेटमधलं निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं म्हणून ते एवढं पकडून ठेवतं, गममधलं हळू पोचतं, आणि कॅन्सर करणारा धूर आणि टार त्यात नसतोच.

"सोडत नाही, कमी करतो"

बारावरून चारवर आणल्या आणि लय भारी वाटलं. पण त्या चार मी कशा ओढायचो तर फिल्टरला चटका बसेपर्यंत, खोल कश, धूर आत धरून. शरीराला त्याचा कोटा पाहिजे असतो, संख्या कमी केली की ते प्रत्येकीतून जास्त काढून घेतं. 'लाइट'वाल्यांचं तेच, फिल्टरवरच्या बारीक भोकांवर बोटं आणि ओठ दाबले जातात आणि ओढायचं ते ओढून होतं. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं की दिवसाला २० ओढणाऱ्याच्या हृदयाला जो जादा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. हे वाचून माझ्या चारची हवाच गेली. कमी करायच्या तर करा, पण तारीख ठरवून शून्यावर येण्यासाठी.

पाकीट न घेता एकेक सुट्टी सिगरेट घेणं हा त्यातलाच प्रकार. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगरेटच्या विक्रीवर बंदी आली, टपरीवर मात्र मिळायची ती मिळतेच, आणि खिशात पाकीट नाही म्हणजे आपण स्मोकर नाही असं आपलं आपल्यालाच वाटत राहतं.

श्रावणापुरती सोडणं

माझा पहिला प्रयत्न हा. आई म्हणाली निदान श्रावणात तरी नको, मी म्हटलं बरं, आणि गणपतीपर्यंत खेचली. विसर्जनाच्या रात्री ढोल थांबल्यावर मित्राने पुढे केली आणि मी घेतली, कारण "मला कधीही सोडता येते" हे तर सिद्धच झालं होतं. गंमत बघा, निकोटीन बंद झाल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात आणि शरीराचा त्रास दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे अवघड भाग मी पार करून बसलो होतो आणि मग पेटवली! शेवटची तारीख माहीत असली की आपण सोडत नसतो, नुसती वाट बघत असतो.

टपरीवर "नुसता चहा"

आमच्या टपरीवर एक छोटी चिमणी (दिवा) असायची, शेजारी डब्यात रिकाम्या पाकिटांच्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्या. पट्टी घ्यायची, चिमणीवर धरायची, सिगरेट पेटवायची, पट्टी झटकून विझवायची. दुसऱ्या वेळी सोडली तेव्हा पाचव्या दिवशी मी चहा घेत उभा होतो, गप्पा चाललेल्या, आणि बघतो तर माझ्या हातात जळती पट्टी. सिगरेट नव्हतीच, नुसती पट्टी! मामा हसले, मीपण हसलो, आणि पुढच्या दहा मिनिटांत सिगरेटही हातात आली. पहिले तीन-चार आठवडे ती जागाच बदला, ग्रुप चिडवेल, चिडवू दे. तलफ एका वेळी तीन ते पाच मिनिटं टिकते, घड्याळात बघा, जिने उतरा, घरी फोन लावा, काहीही करा.

आणि चहा निम्मा करा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन भराभर निकालात काढतं, धूर बंद झाला की तेच कॅफीन रक्तात बराच जास्त वेळ राहतं. मग नेहमीच्या पाच चहांवर छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि आपल्याला वाटतं सिगरेट सोडल्याचा त्रास आहे. काही औषधांचंही असंच होतं, दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन चालू असेल तर सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

पोट साफ होत नाही म्हणून परत सुरू करणं

हसू नका. सकाळी सिगरेटशिवाय "होत नाही" असे कितीतरी जण आहेत, मी त्यातलाच. निकोटीनने आतडी हलतात, ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. चार दिवस तसेच गेल्यावर मी रविवारी सकाळी सहाला बनियनवर पाकीट आणायला गेलोय, तिसरा प्रयत्न असा संपला. चौथ्यांदा आधीच तयारी केली, रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी आणि वीस मिनिटं चालणं, आठ-दहा दिवसांत गाडी रुळावर आली.

खोकल्याचं पण तसंच. सोडल्यावर बऱ्याच जणांचा खोकला आधी वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस परत कामाला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. एखादे काका लगेच म्हणतात, "शरीराला सवय असते रे, एकदम सोडू नये." काकांना नमस्कार करा आणि पुढे चला. पण कफात रक्त दिसलं, किंवा खोकला दोन-तीन आठवड्यांत कमीच होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्याच महिन्यात डाएट सुरू करू नका, दोन उपास एकदम झेपत नाहीत.

सिगरेट सोडून दुसरं काहीतरी धरणं

तंबाखू-चुना, मावा, विडी, हुक्का, सगळं तेच निकोटीन. हर्बल सिगरेटमध्ये तंबाखू नसला तरी धूर, टार आणि कार्बन मोनॉक्साइड आहेच. व्हेपवर (ई-सिगरेटवर) तर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे.

एक ओढली म्हणजे सगळं संपलं असं समजणं

चौथ्या वेळी दोन महिने झाले होते आणि मेहुण्याच्या हळदीच्या रात्री, दोन पेग पोटात, गच्चीवर मी एक मागितली. मग खाली जाऊन चक्क पाकीट आणलं आणि त्यातली अजून एक ओढली. आधीचा मी असतो तर "गेले दोन महिने पाण्यात" म्हणून उरलेल्या नऊ पण संपवल्या असत्या. पण या वेळी पाकीट हातात फिरवताना त्याच्यावर छापलेला नंबर दिसला, १८००-११-२३५६, फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. एवढी वर्षं पाकीट हातात घेऊन तो कधी वाचला नव्हता. सकाळी फोन लावला. पलीकडच्या बाई अजिबात ओरडल्या नाहीत, फक्त विचारत गेल्या, कुठे होतात, सोबत कोण होतं, काय प्यायलात, आणि सगळं तोंडाने सांगताना माझं मलाच कळलं की गडबड दुसऱ्या पेगला झाली.

फोन ठेवला, उरलेल्या नऊ नळाखाली धरल्या आणि गम परत चालू केलं. संध्याकाळी वरात संपल्यावर सगळे पानाच्या ठेल्यावर गेले, मीपण गेलो, आणि मीठा पान सांगितलं, त्यात पण सुपारी नको म्हटलं.