साताऱ्याला यायचंय ना, मग महाबळेश्वरला जाता जाता नको, दोन दिवस काढून या

दरवर्षी सप्टेंबरात माझ्याकडे पुण्या-मुंबईचे कोणी ना कोणी पाहुणे येतात, घरून निघायलाच नऊ वाजवतात आणि एका दिवसात कास, ठोसेघर, सज्जनगड, अजिंक्यतारा सगळं कव्हर करू म्हणतात, आणि मग संध्याकाळी यवतेश्वर घाटात अडकून मला फोन, अरे दुसरा रस्ता आहे का? असला तरी काय करणार, गाडी वळवायला जागा नसते तिथे.

म्हणून आधी समर्थ मंदिराचा चौक डोक्यात बसवा. शहरातून वर आलात की इथे रस्ते फुटतात. उजवीकडचा यवतेश्वर घाट चढून कासला आणि पुढे बामणोलीला जातो, आणि सरळ गेलात की बोगदा, बोगद्यातून पलीकडे सज्जनगड, मग ठोसेघर, चाळकेवाडी. एका दिवशी एकच रस्ता धरायचा, बाकी प्लॅनिंग काही लागत नाही.

पुण्याहून अंतर साधारण 110 किमी. एसटीनेच या, स्टँड शहरात आहे. रेल्वे स्टेशन पार माहुलीच्या बाजूला, तिथून परत रिक्षा शोधत बसावं लागतं. रूम पोवई नाका किंवा स्टँडच्या आसपास घ्या, पण सप्टेंबरातला शनिवार-रविवार असेल तर येऊन बघू असं अजिबात करू नका.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला अजिंक्यतारा. बोगद्याच्या अलीकडे डावीकडे रस्ता वर जातो, गाडी पार दरवाज्यापर्यंत जाते पण चालत जा, अर्धं सातारा सकाळी हाच चढ चढत असतं, सत्तरीतले आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. वर मोठे महाल वगैरे बघायला मिळतील या आशेने मात्र जाऊ नका. दरवाजा, मंगळाईचं देऊळ, तळी, पडकी जोती, एवढंच आहे. पण गोष्ट माहीत असेल तर पाय निघत नाही. शिलाहारांचा हा किल्ला 1673 मधे महाराजांनी घेतला, 1700 मधे औरंगजेब स्वतः खाली तळ ठोकून बसला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी महिनोन्‌महिने झुंजवला, मोगलांनी सुरुंग लावले तर त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला उडाला आणि त्यांचीच माणसं खाली गाडली गेली. शेवटी किल्ला गेलाच, नाव ठेवलं आझमतारा. आणि आठच वर्षांत, 12 जानेवारी 1708 ला, इथेच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. नंतर त्यांनीच खाली शहर वसवलं, तेव्हा उत्तरेच्या तटावर उभं राहून खालच्या पेठा बघा, अख्खं गाव किल्ल्याच्या पायाशी बसल्यासारखं दिसतं.

खाली उतरून नाश्ता करा, पण पोटात जागा ठेवा कारण दुपारचं जेवण सज्जनगडावर करायचंय. गाडीतळापासून दोनेकशे पायऱ्या, मधे दोन महादरवाजे. समर्थ 1676 मधे इथे राहायला आले आणि 1682 मधे इथेच त्यांनी देह ठेवला. राममंदिर वर, आणि समाधी त्याच्या खालच्या तळघरात, वाकून उतरावं लागतं, आत गेलं की बाहेरची सगळी बडबड आपोआप बंद होते. शेजघरात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात, त्याही बघा. दुपारचा महाप्रसाद फुकट असतो, पंगतीत मांडी घालून बसायचं, भात-आमटी आणि गव्हाची खीर. ती खीर वाढपी विचारत विचारत वाढतात, पहिल्या वाटीला लाजू नका पण घेतलेलं टाकायचं नाही. जेवून झालं की गडाच्या टोकाला अंगाईदेवीच्या देवळापर्यंत चालत जा, वारा असा असतो की टोपी हातात धरावी लागते. आणि रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, सूर्यास्त बघत रेंगाळायचं असेल तर आधी विचारून ठेवा.

तिथून पुढे ठोसेघरचा धबधबा. पाणी बघायचं तर जुलै-ऑगस्ट, पण धबधबा दिसायला हवा असेल तर सप्टेंबर, कारण मी एकदा ऑगस्टात पाहुण्यांना कौतुकाने घेऊन गेलो आणि धुकं इतकं की तासभर रेलिंगला टेकून आम्ही नुसता धबधबा ऐकला. पाहुणे अजून चिडवतात. वेळ उरला तर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, नाही उरला तरी चालेल.

दुसरा दिवस कासच्या फुलांच्या पठाराचा. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेही पावसावर. बुकिंग ऑनलाइन आधीच करा, रोज किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे. मधल्या वारी या, सकाळी पहिल्या स्लॉटला. छत्री नको, वारा उलटी करून टाकतो, रेनकोट घ्या.

आता फुलं बघायची कशी, कारण बरेच लोक गालिचा गालिचा करत येतात, चार सेल्फी काढतात आणि "एवढंच?" म्हणून परत जातात. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पट्टा लांबूनही दिसतो, पण खरी मजा उकिडवं बसल्यावर आहे. इथे जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम पातळ थर, पाणी साचून राहतं आणि मातीत कस नाही, म्हणून काही झाडं चक्क किडे खातात. सीतेची आसवं म्हणतात ते निळं-जांभळं फूल नखाएवढं, दिसायला बिचारं, आणि त्याच्या खाली बारीक बारीक पिशव्या असतात ज्यात पाण्यातले किडे ओढले जातात. दवबिंदूचं झाड सापडलं तर नशीब, त्याच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, दव समजून बसलेलं चिलट उठतच नाही. पायवाट सोडून एक पाऊलही आत टाकू नका, 2012 पासून हे जागतिक वारसा यादीत आहे हे एक, आणि तुमच्या बुटाखाली काय मेलं ते तुम्हाला दिसणारही नाही हे दुसरं. टोपली कारवी मात्र सात वर्षांनी एकदाच फुलते, दरवर्षी विचारू नका.

दुपारी परत शहरात. राजवाडा, मोती चौक पायी फिरा, संग्रहालय बघा, पण वाघनखं शोधू नका, 2024 च्या जुलैत लंडनहून आली होती, काही महिने राहून पुढे गेली. कंदी पेढे निघायच्या दिवशीच घ्या, आधी एक चाखून, खरपूस लागला पाहिजे. आणि ताजे गरम असतील तर लगेच प्लास्टिकच्या डब्यात कोंबू नका, घाम सुटून दोन दिवसांत बुरशी धरते.

पुण्याकडे परतताना हायवे सोडून लिंब गावात वळा, बारा मोटांची विहीर. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली, वरून बघितली तर आकार शिवपिंडीसारखा, आणि पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटातच दगडी महाल, खांबांवर कोरीवकाम, खाली हिरवं पाणी. मोटा कुठे बांधायचे त्या जागा वरून मोजता येतात, पोरांना मोजायला लावा. उजेड असेपर्यंतच पोचा, आतलं कोरीवकाम मोबाइलच्या टॉर्चमधे काही कळत नाही.