रोज चालवायची आणि ड्रॅगलाही न्यायची गाडी: टॉर्क कन्व्हर्टर कसा निवडायचा

इंदूरला ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या तसे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा, तेलाच्या जोरावर ताकद पुढे पोचवणारा भाग) बदलायचे सल्ले पण वाढले, आणि बहुतेक सल्ले आरपीएमच्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात. "भिया, तीन हजार का डलवा लो, मस्त चलेगी." एवढं ऐकून कोणी पैसे भरू नका. का, ते खाली सविस्तर सांगतो, कारण हाच भाग मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि हाच भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात.

१. आधी कन्व्हर्टर आहे का ते बघा

एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) नसतो, डीएसजीत (दोन क्लचवाला गिअरबॉक्स) नसतो. एकाच मॉडेलमध्ये पण फरक पडतो: फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकला ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला बॉक्स आहे, १.५ च्या ऑटोमॅटिकला ७ गिअरची डीएसजी. आणि टर्बो डिझेलवाल्यांनी ढिल्या, म्हणजे जास्त आरपीएमला पकडणाऱ्या, कन्व्हर्टरच्या नादी लागू नये, त्या इंजिनांचा टॉर्क दीड-पावणेदोन हजारालाच तयार असतो, तिथे स्टॉल (म्हणजे काय ते तिसऱ्या भागात) वाढवून फक्त तेल तापतं.

२. आकडे गोळा करा

गाडीचं वजन तुम्ही आत बसून वजनकाट्यावर, गिअर रेशो, फायनल ड्राइव्ह, टायरची उंची, आणि डायनोचा (कुठल्या आरपीएमला इंजिन किती टॉर्क देतं ते मोजणारं यंत्र) कागद. डायनो नसेल तर पुढे जाऊ नका.

३. स्टॉल ठरवा

स्टॉल म्हणजे गाडी जागेवर धरून ठेवली आणि पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत चढेल तो आकडा. सगळे समजतात की हा आकडा कन्व्हर्टरवर कोरलेला असतो, ३,००० चा कन्व्हर्टर म्हणजे कुठल्याही गाडीत ३,०००. तसं अजिबात नाही. तोच कन्व्हर्टर दोन वेगळ्या इंजिनांना लावा, दोन वेगळे स्टॉल मिळतील, कारण आत जे तेल फिरतंय त्याला ढकलायला किती टॉर्क आहे त्यावर इंजिन किती चढेल हे ठरतं, आणि हा हिशेब सरळ प्रमाणात नसून वर्गमुळाने चालतो.

उदाहरण घ्या. कॅटलॉगमध्ये ३,००० लिहिलंय, पण बनवणाऱ्याने तो आकडा ४०० न्यूटन मीटरच्या इंजिनावर काढलाय. तुमचं इंजिन त्या आरपीएमच्या आसपास ३०० देतं. ३०० भागिले ४०० म्हणजे ०.७५, त्याचं वर्गमूळ ०.८६६, म्हणजे तुम्हाला मिळणार साधारण २,६००. पैसे ३,००० चे दिले. उलट कोणी टर्बो लावून ६०० न्यूटन मीटर काढले तर तोच कन्व्हर्टर ३,६५० च्या पुढे जाईल आणि मग गिअर बदलला तरी इंजिन नुसतं ओरडत राहील. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारा, हा स्टॉल किती टॉर्कवर काढलाय? उत्तर नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्तात देवो.

आणि हिशेबात जास्तीत जास्त टॉर्कचा जाहिरातीतला आकडा घालू नका. स्टॉल जिथे येणार आहे त्या आरपीएमला तुमचं इंजिन किती देतं ते डायनोच्या कागदावरून वाचा. ५,००० ला ३५० देणारं इंजिन २,६०० ला २६० च देत असेल तर २६० च धरायचे.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन इथे पाचेक टक्के टॉर्क कमीच देतं, म्हणजे वरच्या २,६०० मधून आणखी सत्तरएक आरपीएम गेले. मोठी गोष्ट नाही, पण मुंबईत केलेला डायनो इथे जसाच्या तसा लावला तर आकडा चुकतो.

आता दुसरी अफवा. "तीन हजारचा टाकलास तर सिग्नलला तीन हजारपर्यंत गाडी हलणारच नाही." साफ खोटं. वरचाच हिशेब उलटा लावा ना. पलासियाच्या सिग्नलवरून हळू निघताना इंजिन ७५ न्यूटन मीटर देत असेल तर तो ३,००० चा कन्व्हर्टर १,३०० लाच गाडी ओढायला लागतो. फरक जाणवतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सुरुवातीला जरा ढिलं वाटतं, पण गाडी चालवता येते.

मग नक्की किती घ्यायचा? रोज चालणाऱ्या गाडीसाठी माझं ठाम मत: टॉर्क जिथे सगळ्यात जास्त आहे त्याच्या साधारण ५०० आरपीएम खाली, आणि गिअर बदलल्यावर इंजिन ज्या आरपीएमला येऊन पडतं त्याच्या वर तर नाहीच. पहिल्याचा रेशो २.८ आणि दुसऱ्याचा १.५ असेल, तुम्ही ६,००० ला बदलला, तर इंजिन ३,२०० च्या आसपास पडतं. त्याच्या वरचा स्टॉल घेतला तर दुसऱ्या गिअरमध्ये पण कन्व्हर्टर घसरत राहतो. नुसत्या ड्रॅगच्या गाडीला ते चालतं, त्यांना ४०० मीटरच पळायचंय. तुम्हाला त्याच गाडीत आई-बाबांना घेऊन उज्जैनला जायचंय. दोन आकड्यांत अडकलात तर खालचा घ्या.

बसवल्यावर तपासताना पण एक घोळ होतो. एका पायाने ब्रेक, दुसऱ्याने थ्रॉटल, असं करून लोक स्टॉल मोजतात. ताकदवान गाडीत ब्रेक हार मानतात आणि चाकं आधीच सुटतात, नव्या गाड्यांत तर दोन्ही पेडल एकदम दाबले की कॉम्प्युटरच थ्रॉटल कापतो. आकडा कमी येतो आणि लोक म्हणतात माल खराब आहे. खरा आकडा बघायचा तर बंद ट्रॅकवर पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत ठेवा, एकदम पूर्ण थ्रॉटल द्या, आणि गाडी झेप घ्यायच्या क्षणी काटा कुठे उडी मारतो ते बघा, मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर नीट दिसतं. ब्रेक धरून करायचंच असेल तर ५ सेकंदांच्या वर नको आणि नंतर न्यूट्रलला एक-दोन मिनिटं तेल थंड होऊ द्या. ब्रेक धरलेला असताना इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यातच जात असते. आणि हे सुपर कॉरिडॉरवर रात्री करू नका, तिथे लोक पायी रस्ता ओलांडतात.

४. लॉकअप

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला लॉकअप (कन्व्हर्टरच्या आतला क्लच, जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो) हवाच. देवासला जाताना ८० च्या स्पीडला तो लागला की घसरण संपते, तेल थंड राहतं, पेट्रोल वाचतं. फक्त साध्या एका प्लेटच्या लॉकअपला पूर्ण थ्रॉटलवर लावू नका, जळतो. कॉम्प्युटरवाल्या गिअरबॉक्सला नव्या स्टॉलचं ट्यूनिंग पण करून घ्या, नाहीतर त्याला वाटतं कन्व्हर्टर बिघडला आणि पी०७४१ कोड देऊन बसतो.

५. कूलर

गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा प्लेटवाला कूलर, रेडिएटरमधल्या कूलरमधून तेल बाहेर आलं की यात जाईल असा जोडून. तापमानाचा गेज लावा. ८० ते ९५ अंश ठीक, १२० च्या वर गेलं की थांबा. मे महिन्यात भेरू घाट चढताना हा गेज कामाला येतो.

६. बसवणं

इथे घाई केली की गिअरबॉक्सचा पंप फुटतो. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल भरा, मग शाफ्टवर चढवून हाताने फिरवत आत दाबत राहा. एकदा खट् होऊन आत जातो, बरेच मेकॅनिक तिथेच थांबतात. थांबू नका. इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरचे (कन्व्हर्टरच्या आतला, तेलाची दिशा वळवणारा पंखा) दाते आणि पंपाच्या खाचा, तिन्ही बसायला हव्यात, म्हणजे आणखी एक-दोनदा तो आत सरकतो आणि बोट घालायला जागा उरेनाशी होते.

आता गिअरबॉक्स इंजिनाला लावा. हाताने चिकटला पाहिजे. फट राहिली आणि बोल्ट आवळून ती बंद केली तर पंप गेला म्हणून समजा, कुठलाही मेकॅनिक "कसून टाकू" म्हणाला तरी त्याचा हात धरा. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला लागणारं कवच) पूर्ण बसल्यावर कन्व्हर्टर मागे ढकला, फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागची, कन्व्हर्टर जिला बोल्टने लागतो ती प्लेट) ३ ते ५ मिलिमीटर अंतर मिळालं पाहिजे, मग तो पुढे ओढून बोल्ट लावा. अंतर शून्य आलं तर सगळं परत काढा. ५ च्या वर असेल तर वॉशर घालून भरून काढा.

तेल गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवून लेव्हल बघा, आणि पहिले काही दिवस गाडी उभी असते तिथे खाली पुठ्ठा टाकून ठेवा. बेलहाउसिंगच्या खालून लाल थेंब पडला तर पुढचं सील बसवताना कापलंय, ते लगेच बदला.