थंडीत पहाटे लांब सायकलिंगला निघताय? छातीवर पेपर लावा

आपल्या खान्देशात डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० डिग्री आणि दुपारी चांगलं ऊन, त्यामुळे नवीन माणूस जाड जॅकेट घालून निघतो आणि नऊ वाजता ते काढून ठेवायला जागाच नसते.

मी जळगावहून एरंडोल, पुढे पद्मालयला जाताना हे करतो:

१. आत अंगाला चिकटणारा, घाम लवकर सुकणारा टी-शर्ट. सुती बनियन नको, ती ओली होऊन गार पडते आणि मग हुडहुडी भरते.
२. त्यावर कालच्या पेपरची ३-४ पानं एकत्र दुमडून छाती-पोटावर ठेवायची, वरून जर्सी (सायकलिंगचा शर्ट) चढवून तिची चेन पूर्ण लावायची. वारा समोरूनच लागतो, पाठीला काही नको. टूर दि फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीतले सायकलपटू सुद्धा घाट उतरताना पूर्वी हेच करायचे.
३. ऊन वर आलं की चहाच्या टपरीवर पेपर काढून तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, ओझंच संपलं.

कानाला पातळ रुमाल आणि हातात मोजे मात्र हवेतच, बोटं आखडली तर ब्रेक नीट दाबता येत नाही. आणि हो, पॅडवाली शॉर्ट घेतली असेल तर तिच्या आत अंडरवेअर घालू नका, त्याच्या शिवणीनेच मांड्या सोलतात.

फक्त एक लक्षात ठेवा, पेपर थेट अंगाला लावू नका, घामाने शाई सुटते. चढावर भिजलाच तर लगेच काढा, ओला पेपर उलट जास्त गारठवतो.